१९६७च्या एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या ब्रेकबद्दल: तुमच्या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार साहेब,

एक स्टार देताना तुम्ही चार तक्रारी लिहिल्या आहेत. पेडल अर्ध्याच्या खाली जातं. वीसेक किलोमीटरनंतर पुढची चाकं धरतात आणि तापतात. धडधाकट होज पाइप बदलून आम्ही बिल फुगवलं. आणि सिलिकॉनचं ब्रेक ऑइल मागूनही साधं भरलं. पहिल्या तक्रारीत चूक आमची आहे. दुसरी तक्रार गाडी आमच्याकडून गेल्यानंतर उद्भवली. उरलेल्या दोन आम्हाला मान्य नाहीत.

पेडलपासून सुरू करतो. या गाडीला पुढे डिस्क आणि मागे ड्रम आहेत. मागचे ब्रेक आपोआप ॲडजस्ट होत नाहीत. नवे शू (ड्रमला आतून घासणारे ब्रेकचे भाग) ड्रममध्ये बसेपर्यंत थोडे झिजतात आणि पेडल उतरतं, म्हणून काही शे किलोमीटरनंतर पुन्हा ॲडजस्टमेंट करावी लागते. गाडी देताना हे तोंडी सांगितलं होतं, पण बिलावर लिहायला हवं होतं. बॅकप्लेटच्या (ड्रममागच्या स्थिर तबकडीच्या) मागे चौकोनी डोक्याचा ॲडजस्टर आहे. चाक पूर्ण अडेपर्यंत तो आवळायचा, मग चाक मोकळं फिरेल इतकाच मागे घ्यायचा. पेडल दोन-तीनदा दाबून शू मध्यावर बसू द्यायचे आणि चाक पुन्हा फिरवून बघायचं. पाना पाव इंची चौकोनीच लागतो. पक्कड लावली की डोकं गोल होतं आणि मग पुढच्या माणसाचा अर्धा दिवस जातो.

खरी चूक याच्या पुढची. पेडल आणि पुश रॉड (मास्टर सिलिंडरचा पिस्टन ढकलणारा दांडा) जोडणारी पिन, आणि पेडलमधलं तिचं भोक, ही दोन्ही या गाड्यांत हमखास झिजतात. भोक लंबगोल होतं. तिथली थोडी ढिलाई पायाखाली कितीतरी पट होऊन जाणवते. मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडल दाबल्यावर ऑइल ब्रेककडे ढकलणारा भाग, नवा बसवताना ती पिन आम्ही बदलली नाही. बदलायला हवी होती. पुढच्या हबच्या बेअरिंगचा प्ले (ढिलाई) मात्र तपासला होता. तो ०.०५ ते ०.१० मि.मी.च्या आत आहे, त्यामुळे डिस्क हलून पॅड मागे ढकलले जाण्याचा प्रश्न नाही.

आता चाकं धरण्याबद्दल. तुम्हीच लिहिलं आहे की पेडल वर आणण्यासाठी दुसऱ्या एका मेकॅनिकने पुश रॉड लांब करून दिला. पेडल वर आलं असेल, पण त्याच रॉडमुळे चाकं धरत असणार. पाय काढल्यावर पेडलच्या टोकाशी साधारण ३ मि.मी. मोकळी चाल राहायलाच हवी. ती नसेल तर मास्टर सिलिंडरचा पिस्टन पूर्ण मागे येत नाही आणि ऑइल टाकीत परतण्याचं बारीक छिद्र झाकलेलं राहतं. गाडी चालली की ऑइल तापून फुगतं. त्याला जायला जागा नसते, म्हणून ते पॅडच दाबत राहतं. पॅड घासले की उष्णता वाढते आणि चक्र सुरू होतं. मागचे ड्रम मागाहून धरतात, कारण तिथे शू ओढून घेणाऱ्या स्प्रिंग असतात. डिस्कला त्या नसतात. कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) खराब असल्याचा तुमचा तर्क म्हणूनच पटत नाही. दोन्ही बाजूंचे कॅलिपर एकाच दिवशी सहसा अडकत नाहीत.

खात्री करून घ्यायची असेल तर चाकं धरलेली असतानाच मास्टर सिलिंडरचे दोन बोल्ट थोडे सैल करून सिलिंडर पुढे सरकवा. चाकं मोकळी झाली तर दोष रॉडचा. नाही झाली तर धरलेल्या चाकाचा ब्लीडर निप्पल (हवा काढायचा छोटा स्क्रू) उघडा. दाबाने ऑइल येऊन चाक सुटलं तर होज आतून बंद झालेला आहे. तरीही सुटलं नाही तर मात्र कॅलिपरचा पिस्टन अडकलाय.

होजबद्दलही हेच सांगायचं आहे. बाहेरून तो धडधाकट दिसतो, पण आतलं रबर फुगून झडपेसारखं वागतं. पायाच्या जोराने ऑइल जातं, परत येत नाही. या गाडीत होज तीन आहेत: पुढे दोन, मागच्या ॲक्सलला एक. सर्किट मात्र एकच. एक फुटला की चारही ब्रेक गेले. मास्टर सिलिंडर नवा आणि होज जुने, असं काम आम्ही कुणाचंच करत नाही. त्या होजचे पैसे परत मिळणार नाहीत. (अनेकांचा समज असतो म्हणून सांगतो, हे भाग नव्या एमजीच्या शोरूममध्ये मिळत नाहीत. ते इंग्लंडहून मागवावे लागतात. जोडण्यांचे आटे यूएनएफ, म्हणजे इंची मापाचे, असतात. ३/८ यूएनएफचा नट १० मि.मी.च्या मेट्रिक जोडणीत जातो, पण ढिला बसतो आणि दाब आला की निसटतो.)

सिलिकॉन ऑइल, म्हणजे डॉट ५, वाईट नाही. रंगावर सांडलं तरी रंग उतरत नाही, ही तुमची काळजी रास्त आहे. पण ते डॉट ४मध्ये, म्हणजे आम्ही भरलेल्या साध्या ऑइलमध्ये, मिसळत नाही, म्हणून सगळी यंत्रणा कोरडी करून रबरं नवी घालावी लागतात. तुमच्या कॅलिपरची सील शाबूत असल्याने आम्ही ती उघडलीच नव्हती. शिवाय सिलिकॉन ऑइलमध्ये हवा विरघळते आणि पेडल मऊ लागतं. पावसाळी दमटपणाचं पाणी त्यात मिसळत नाही, खाली साचून एकाच जागी गंज धरतं. डॉट ४ ओलावा शोषतं, त्याचा उत्कलनबिंदू २३० अंशांवरून १५५पर्यंत उतरू शकतो. म्हणून ते दर दोन वर्षांनी बदलायचं. डॉट ५.१ हे सिलिकॉन नाही. नावामुळे फसू नका.

गाडी चालवत आणू नका, ट्रेलरवर पाठवा. पिन, पेडलचा बुश, मूळ लांबीचा पुश रॉड आणि मागची ॲडजस्टमेंट, मजुरीसह, आमच्याकडून. तापलेल्या पॅडवर काचेसारखी चकाकी आली असेल किंवा ते १.६ मि.मी.पेक्षा कमी उरले असतील, तर नवे घालावे लागतील. त्यांचे पैसे लागतील, पण आधी तुम्हाला दाखवू, मगच बदलू.