शेती करा, पण प्रतिज्ञापत्रात

आधी तुमची मुदत ठेव मोडा. बाकीचं पुढे सांगतो.

सात टक्क्यांनी पैसे दुप्पट व्हायला दहा वर्षं लागतात, आणि मधल्या व्याजावर टीडीएस कापतात तो वेगळाच. दहा वर्षांत दोन विधानसभा होऊन जातात हो! २०१९ साली आपल्या महाराष्ट्रात निवडून आलेल्या आमदारांची सरासरी मालमत्ता साधारण २२ कोटी होती. २०२४ साली निवडून आलेल्यांची ४३ कोटींवर गेली. ही बेरीज माझी नाही. असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स नावाची संस्था दर निवडणुकीनंतर उमेदवारांचीच प्रतिज्ञापत्रं घेऊन ती करते. आता तुमच्यातला एखादा चिकित्सक म्हणेल की सरासरी फसवी असते, एखादा गडगंज बिल्डर सगळ्यांचा आकडा वर ओढतो, शिवाय दोन्ही वेळची माणसं तीच नव्हती. कबूल. पण शंभरातले सत्त्याण्णव करोडपती निघाले, तिथे एकटा बिल्डर किती ओढणार? मला काळजी वाटते ती उरलेल्या तिघांची. त्यांना वेळेवर कुणी चार गोष्टी सांगितल्या नसाव्यात. तुमचं तसं होऊ नये म्हणून हा खटाटोप.

नवखी माणसं पहिली चूक करतात ती मानधनाकडे बघण्याची. मानधन, भत्ते सगळं धरून पाच वर्षं स्वतःच्या पैशाने चहासुद्धा न पिता साठवलंत तरी दोन कोटींशी गाडी अडते. एवढ्यासाठी कोणी तीन वाजता मयताला, सहाला बारशाला आणि रात्री बाराला डीजे बंद पडला म्हणून पोलीस ठाण्यात जात नाही. एका टर्मवर महिना ५० हजारांचं निवृत्तिवेतन मिळतं, तेही नातवंडांच्या खाऊपुरतंच समजा. (ज्यांनी तीस वर्षं सरकारी शाळेत खडू झिजवला आणि ज्यांची जुनी पेन्शन गेली, त्यांनी हे वाक्य सोडून पुढे वाचावं.)

खरी विद्या आहे ती नमुना २६ मध्ये. हे ते प्रतिज्ञापत्र, जे अर्जासोबत जोडावं लागतं. ते आपल्याला मिळालं त्याचीही गोष्ट आहे. २००२ साली सर्वोच्च न्यायालय म्हणालं की उमेदवाराची मालमत्ता, कर्ज, शिक्षण आणि गुन्हे मतदाराला कळले पाहिजेत. त्यावर एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे सगळे पक्ष एका बैठकीत बसले आणि एवढं सगळं सांगायचं काही कारण नाही यावर त्यांचं एकमत झालं. पाणीवाटपावर कधी झालं नाही, सीमाप्रश्नावर झालं नाही, ते इथे झालं. कायदा बदलला. मार्च २००३ मध्ये न्यायालयाने तो बदल मोडीत काढला, आणि तेव्हापासून आपली सत्ताधारी मंडळी दर पाच वर्षांनी शपथेवर श्रीमंत होतात.

तेव्हा नमुना २६ नीट वाचा. त्यात रकाने आहेत स्वतः, पती किंवा पत्नी, हिंदू अविभक्त कुटुंब आणि अवलंबित. हा ‘अवलंबित’ शब्द पाठ करा. मुलगा कमावता झाला की तो अवलंबित राहत नाही. म्हणून मुलाला लवकर पायावर उभं करावं असं आपल्याकडे म्हणतात ते उगीच नाही. पंचविसाव्या वर्षी त्याचा खडी क्रशर, सव्विसाव्या वर्षी डांबराचा प्लांट, सत्ताविसाव्या वर्षी तो मतदारसंघातला ‘युवा उद्योजक’, आणि तुमच्या प्रतिज्ञापत्रात त्याचं नावसुद्धा नाही. सुनेचंही तेच. आणि साडू! प्रतिज्ञापत्रात साडू नावाचा रकानाच नाही. मराठी माणसाने या नात्याची आजवर नुसती थट्टा केली, त्याची आर्थिक क्षमता कोणी ओळखली नाही.

आमच्या भागातल्या एका भाऊंचं प्रतिज्ञापत्र मी अभ्यासासाठी जवळ ठेवलंय. निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर कुणालाही ते बघता येतं, पण कुणी बघत नाही, म्हणून तिथे बघायला निवांत वाटतं. भाऊंच्या मागेपुढे पाच पांढऱ्या गाड्या धावतात. सगळ्यांचे शेवटचे नंबर एकच. टोलनाक्यावरचा पोरगा त्या लांबून दिसल्या तरी दांडी उचलतो. प्रतिज्ञापत्रात वाहनांच्या रकान्यात लिहिलंय ‘निरंक’. रोख रक्कम हाती: ८५ हजार. सोनं: पत्नीकडे, माहेरचं. पुढे ‘दायित्वे’ या मथळ्याखाली मित्रांकडून हातउसने घेतलेले काही लाख. हे वाचून मला इतकं भरून आलं की भाऊंना भेटून दोनशे रुपये द्यावेत असं वाटलं. व्यवसायाच्या रकान्यात मात्र दोनच शब्द होते: शेती, समाजसेवा.

आपण मुद्द्यावर आलो.

फेब्रुवारी २०२३ मध्ये बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने सोलापूरच्या बाजारात ५१२ किलो कांदा विकला. हमाली, तोलाई, गाडीभाडं वजा जाता त्याला दोन रुपयांचा चेक मिळाला, तोही पुढच्या तारखेचा. पेपरात फोटो आला होता. बघा, माती तीच, पाऊस तोच, महावितरणही तेच. पण त्या बिचाऱ्याने कांदा शेतात लावला. तुम्ही तो नमुना २६ मध्ये लावा. तिथे पाट नाही, पाळी नाही, करपा नाही, निर्यातबंदी लागत नाही, आणि विक्रीची पट्टी स्वतःच लिहायची असते. वर आयकर कायद्यात शेतीच्या उत्पन्नाला कर नाही. शेतकरी भरडला जाऊ नये म्हणून ही सोय केलेली आहे, आणि एखाद्याच्या चार एकरांतल्या डाळिंबांनी शहरात दोन मजले चढवले तर सोय वाया गेली असं कसं म्हणावं?

मात्र त्यासाठी तुम्ही शेतकरी असलं पाहिजे. आपल्या कुळकायद्याने बिगरशेतकऱ्याला शेतजमीन घेता येत नाही. म्हणजे आजोबांच्या नावाचा, सात भावांत वाटला गेलेला, बांधावरच्या बाभळीसकट अकरा गुंठ्यांचा सातबारा शोधून काढा. तो सापडला की मग बाकीची जमीन. कुठे घ्यायची? जिथे काहीच पिकत नाही तिथे. खडकाळ, मुरमाड, गावाबाहेरची. शेतकरी ती आनंदाने देतो, वर तुम्हाला देवमाणूस म्हणतो. मग दीड वर्षाने बायपासची आखणी जाहीर होते आणि रस्ता बरोबर तुमच्या मुरमावरून वळण घेतो. रस्त्याने असं का वळावं हे विचारू नका, नदीलासुद्धा कोणी विचारत नाही. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात ग्रामीण भागात बाजारभावाच्या चौपटीपर्यंत मोबदला आहे. तुम्ही जमीन देऊन विकासासाठी त्याग केलात, असा फलक साडू लावेल.

आमदार निधीचं फार सांगत बसत नाही. वर्षाला ५ कोटी. सभामंडप, हायमास्ट, पेव्हर ब्लॉक. पेव्हर ब्लॉकची मौज अशी की ते काढता येतात आणि पुन्हा बसवता येतात. टक्केवारीबद्दल तुमचा ठेकेदारच तुम्हाला सांगेल, तो तीन आमदार बघून झालेला असतो.

काही वाचक भित्रे असतात, त्यांच्यासाठी इतिहास. डिसेंबर २००५ मध्ये संसदेत प्रश्न विचारायचे पैसे घेताना खासदार छुप्या कॅमेऱ्यात सापडले आणि अकरा जणांचं सदस्यत्व गेलं. त्यातले दोघे आपल्या खानदेशातले. रकमा किती? पंधरा हजारांपासून एक लाख दहा हजारांपर्यंत. मला त्यांच्या लाचखोरीपेक्षा त्यांच्या भावाचं दुःख झालं. आपल्या मालाची किंमत न कळणं हा जुनाच दोष आहे. तो आता गेला. २०२२ च्या ऑगस्टमध्ये विरोधक विधान भवनाच्या पायऱ्यांवर ‘पन्नास खोके, एकदम ओके’ म्हणून ओरडत होते, तेव्हा आरोप खरा की खोटा हे बाजूला ठेवा, पण खोका म्हणजे कोटी हे गावातल्या शाळकरी पोरालाही समजावून सांगावं लागलं नाही. पेटीत, म्हणजे लाखात, बोलणारी पिढी संपली.

आणि प्रकरण न्यायालयात गेलंच, तरी घाबरायचं नसतं. तमिळनाडूच्या जयललिता मुख्यमंत्री म्हणून महिना १ रुपया पगार घेत. खटला चालला ६६ कोटींच्या मालमत्तेवर. खालच्या न्यायालयाने २०१४ साली शिक्षा दिली, मग २०१५ साली कर्नाटक उच्च न्यायालयाने हिशेब नव्याने मांडला आणि सांगितलं की उत्पन्नापेक्षा मालमत्ता ८.१२ टक्केच जास्त भरते, दहा टक्क्यांपर्यंत चालतं. निर्दोष. नंतर लोकांनी पाहिलं तर निकालातल्या कर्जांची बेरीजच चुकली होती. १० कोटी ६७ लाखांच्या जागी २४ कोटी १७ लाख! फेब्रुवारी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला, पण तोवर त्या हयात नव्हत्या. यातून बोध काय घ्यायचा तो तुमचा तुम्ही घ्या, मी फक्त म्हणेन की मुलांच्या गणिताकडे उगाच फार लक्ष देऊ नका.

प्रतिज्ञापत्र खोटं निघालं तर लोकप्रतिनिधित्व कायद्यात जास्तीत जास्त सहा महिने कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. २०१८ साली न्यायालयाने आणखी पुढे जाऊन सांगितलं की उत्पन्नाचा स्रोतही लिहा, आणि निवडून आलेल्यांच्या संपत्तीवर लक्ष ठेवायला कायमची यंत्रणा उभी करा. स्रोताचं तर आपण पाहिलंच: शेती, समाजसेवा. यंत्रणेची काळजी करू नका, ती उभारायची कुणी तर तुम्ही. बाकी एप्रिल २०२४ मध्ये अरुणाचलच्या एका आमदाराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असंही म्हटलं की कपडे, चपला, भांडीकुंडी अशी प्रत्येक जंगम वस्तू दाखवायची गरज नाही, फार किमती असेल तरच. म्हणजे चपला तेवढ्या निर्धास्त घाला.

खर्चाचं म्हणाल तर विधानसभेला ४० लाखांची मर्यादा आहे. प्रशासन वडापावापासून मांडवातल्या खुर्चीपर्यंत सगळ्याचे दर ठरवून देतं आणि निकालानंतर तीस दिवसांत हिशेब द्यायचा असतो. तो बसवायला चांगला सीए लागतो. चाळीस लाखांत निवडणूक लढवणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही, पण त्याहून जास्त खर्च केल्याचं लिहिणाराही पाहिलेला नाही.

एवढं सगळं लिहून झाल्यावर मलाच हुरूप आला. सोमवारी ठेवीची पावती घेऊन बँकेत गेलो. काउंटरवरच्या ताईंनी मुदतीपूर्वी मोडल्याबद्दल एक टक्का कापून दाखवला, टीडीएस न कापण्याचा फॉर्म भरलाय का विचारलं, सही तीनदा करून घेतली.

‘‘काका, एवढं मोडून काय करणार?’’

‘‘विधानसभेचा अर्ज भरणार. अनामत दहा हजार आहे.’’

ताईंनी शिक्का हातातच धरला.

‘‘शेती आहे का तुमची?’’

‘‘नाही.’’

त्यांनी पावती उलटी फिरवून काचेखालून माझ्याकडे परत सरकवली. ‘‘मग राहू द्या ठेव.’’