माय तापली असेल तर आधी मायला गोळी द्या

लेकरं तापली की घरातलं सगळं लक्ष त्यांच्याकडं जातं, जायलाच पाहिजे. पण फ्लू घरात शिरला की तो एकावर थांबत नाही. लागण झाल्यापासून १ ते ४ दिवसांत ताप येतो, त्यामुळं शाळेतून लेकरानं आणलेला ताप दोन-तीन दिवसांत मायबापापर्यंत पोचतो. मग स्वतः १०२ तापात असलेली बाई उठून लेकरांचं औषध बघते, आणि तिची गोळी, तिचं पाणी, तिची झोप मागं पडते. हे मला अजिबात मान्य नाही. ज्या माणसाच्या हातात औषधाची बाटली आहे त्याचं डोकं ठिकाणावर असणं हा लेकरांच्या उपचाराचाच भाग आहे. म्हणून पहिली गोळी आणि पहिला तांब्याभर पाणी सांभाळणाऱ्याला.

मोठ्या माणसाला पॅरासिटामॉल ५०० किंवा ६५०, दोन गोळ्यांत ६ तासांचं अंतर, दिवसात चारच्या वर नाही. सर्दीच्या बहुतेक गोळ्यांत पॅरासिटामॉल आधीच असतं. ती घेऊन वर ६५० घेतली की डोस दुप्पट होतो आणि भार लिव्हरवर पडतो. लिव्हरचा त्रास असेल किंवा रोजची दारू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका.

लेकरांच्या पॅरासिटामॉलच्या डोसाचं मात्र नीट समजून घ्या, कारण सगळ्यात जास्त चुका इथंच होतात. डोस वयावर नाही, वजनावर ठरतो: एका किलोला एका वेळी १० ते १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत ४ ते ६ तास, २४ तासांत जास्तीत जास्त ४ वेळा. १० किलोच्या लेकराला १५ च्या हिशोबानं १५० मिलिग्रॅम लागतं. आता बाटल्या बघा. ५ मिलीत १२५ मिलिग्रॅमवालं सिरप असेल तर ६ मिली. ५ मिलीत २५० वालं असेल तर ३ मिली. लहान बाळांचे थेंब १ मिलीत १०० मिलिग्रॅमचे असतात, ते फक्त दीड मिली. तिन्ही बाटल्यांत औषध एकच, वरचं चित्रही सारखंच. रात्री दोनला मोबाईलच्या उजेडात '६ मिली' एवढंच आठवलं आणि हातात २५० वाली बाटली आली तर डोस दुप्पट, थेंबांची आली तर चौपट. घरात बाटली एकाच ताकदीची ठेवा, बाकीच्या कपाटात वर टाका. पोहे खायच्या चमच्यानं मोजू नका. मेडिकलवर सुई नसलेली सिरिंज स्वस्तात मिळते, तिच्यावर पेननं रेघ मारून ठेवा. दोन लेकरं असतील तर दोन सिरिंज, वेगळ्या रंगाच्या रेघांच्या.

आणि वहीचं एक पान भिंतीला चिकटवा. त्यावर नाव, वजन, किती मिली, किती वाजता, कुणी दिलं. दिल्या दिल्या लिहायचं. तापात 'मघाशी दिलं होतं का?' हे कुणालाच खात्रीनं सांगता येत नाही, आणि आजी, बाप, माय अशा तिघांनी प्रेमापोटी तीनदा दिलेलं असतं. त्याच पानावर प्रत्येकाची लघवी कधी झाली तेही लिहा. ६ ते ८ तास लघवी नाही म्हणजे पाणी कमी पडतंय.

काही गोष्टी घरात नकोतच. अ‍ॅस्पिरिन लेकरांना नाही. निमसुलाइड या ताप-दुखीच्या औषधाला १२ वर्षांखाली २०११ पासून बंदी आहे, तरी जुनी बाटली निघतेच. खोकल्याची सिरपं दोन वर्षांखाली अजिबात नाहीत आणि पाचखालीही सहसा नकोत, हे केंद्रानं २०२५ च्या ऑक्टोबरात पुन्हा सांगितलंय. वर्षावरच्या लेकराला रात्री झोपताना अर्धा ते एक चमचा मध पुरतो. वर्षाच्या आत मध चालत नाही. वाफेचं पातेलं लेकरापुढं ठेवूच नका, आजारी माणसाच्या हातून ते लवंडतं आणि तापाच्या जागी भाजलेलं लेकरू दवाखान्यात न्यावं लागतं. नाक चोंदलं असेल तर सलाइनचे नाकात टाकायचे थेंब.

आपल्या भागात पावसाळ्यानंतर डेंग्यूही असतो, आणि पहिल्या दोन दिवसांत फ्लू कुठला नि डेंग्यू कुठला हे घरी कळत नाही. म्हणून आयब्युप्रोफेन आणि मेफेनामिक अ‍ॅसिड ही ताप-दुखीची दुसरी औषधं मनानं देऊ नका, फक्त पॅरासिटामॉल. ताप तिसऱ्या दिवशीही हटला नाही तर रक्त तपासा. ताप उतरला पण पोट दुखतंय, सारख्या उलट्या होतायत, हिरड्यांतून रक्त येतंय, तर उतरलेल्या तापावर विश्वास ठेवू नका.

आता सलाइनच्या बाटलीबद्दल. 'एक बाटली लावा, ताकद येईल' हे मराठवाड्यात गावोगावी ऐकू येतं. नॉर्मल सलाइनच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत पाणी आणि साडेचार ग्रॅम मीठ असतं, बस. तोंडानं पिता येत असेल तर ओआरएसचं मोठं पाकीट १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात पूर्ण विरघळवा आणि २४ तासांत संपवा. अर्धं पाकीट अंदाजानं ग्लासात टाकू नका, प्रमाण बिघडतं. उलटी होत असेल तर दर दोन मिनिटांनी एकेक चमचा. खायला ज्वारीच्या कण्या, वरणाचं पाणी, मुगाची पातळ खिचडी, जे जाईल ते. दोन दिवस भाकरी थापल्या नाहीत म्हणून काही बिघडत नाही. अंगावर पिणारं बाळ असेल तर मायनं मास्क लावून, हात धुऊन पाजत राहावं.

वेगळ्या खोलीचा सल्ला दोन खोल्यांच्या घरात कुणाला जमणार? आणि जे सगळे आजारी आहेत त्यांना एकमेकांपासून तोडून उपयोगही नाही. वाचवायचं ते न आजारलेल्या म्हाताऱ्यांना, गरोदर बाईला, तान्ह्या बाळाला. खिडकी उघडी, झोपताना डोकी उलट-सुलट दिशांना, खोकणाऱ्याला मास्क. नळाला चार-सहा दिवसांनी पाणी येत असेल तर हात धुवायला तोटीचा डबा आणि साबण वेगळा ठेवा. बघायला येणाऱ्या पाहुण्यांना दारातूनच डबा ठेवून जायला सांगा, राग आला तरी चालेल.

ॲन्टिबायोटिकचा फ्लूच्या विषाणूवर काहीच परिणाम होत नाही, मागून घेऊ नका. त्याउलट ऑसेल्टामिविर हे फ्लूच्या विषाणूवरचं औषध ४८ तासांच्या आत सुरू झालं तर जास्त उपयोगी पडतं, म्हणून दोन वर्षांखालचं लेकरू, गरोदर बाई, दमा किंवा शुगर असलेला माणूस तापला तर तिसऱ्या दिवसाची वाट न बघता डॉक्टरांना त्याबद्दल विचारा. तीन महिन्यांखालच्या बाळाला कसलाही ताप म्हणजे त्याच दिवशी दवाखाना.

श्वास मोजायला शिका. लेकरू शांत असताना पूर्ण एक मिनिट पोट वर-खाली होताना मोजा. २ महिने ते १ वर्ष असेल तर ५० किंवा जास्त, १ ते ५ वर्षांत ४० किंवा जास्त, म्हणजे वेगानं चालतोय. बरगड्यांखाली खड्डा पडतोय, ओठ निळसर झालेत, पीत नाही, झटका आला, हाक मारूनही डोळे उघडत नाही, तर १०८. मोठ्यांनाही हाच नियम: दम लागणं, छातीत दुखणं, बरळणं, किंवा ताप जाऊन परत चढणं. 'लेकरं बरी झाली की जाते' म्हणत थांबलेली माय न्यूमोनिया घेऊन पोचते. तिच्यामागं लेकरांजवळ कोण थांबेल आणि गाडी कुणाची, हे दिवसाउजेडी ठरवा.

घरात दोन मोठी माणसं असतील तर रात्र वाटून घ्या, १० ते २ एक, २ ते ६ दुसरा. बाप आजारी नसेल तर पूर्ण रात्र त्याची. आणि नवरा ऊसतोडीला किंवा पुण्याला कामावर, घरी माय एकटी, अशी घरं बीडपासून हिंगोलीपर्यंत गावोगाव आहेत. तिथं शेजारीण, जाऊ किंवा आशाताई यांच्यापैकी एकीनं सकाळी ७ आणि रात्री ९ ला फोन करायचा. दोनदा वाजूनही उचलला नाही तर तोंडाला मास्क लावून जायचं आणि दार वाजवायचं.