टाइमआउट ‘योग्य’ ठेवला म्हणे!

‘टाइमआउट योग्य तो ठेवला आहे.’ बस्स, विषय संपला. अनेक मशीनचं एकमत घडवणाऱ्या पद्धतीवरचा पेपर, आणि टाइमआउटबद्दल, म्हणजे गप्प मशीनला मेलेलं ठरवण्याआधी किती थांबायचं याबद्दल, अख्ख्या पेपरात एवढं एकच वाक्य. अरे योग्य म्हणजे किती? १० मिलिसेकंद? ५००? का पेपर वाचणाऱ्याने कौल लावायचा?

आणि हा काही फुटकळ तपशील नाही हो. निरोप कधी पोचेल याची हमी नसेल आणि एक जरी नोड, म्हणजे जाळ्यातलं मशीन, कोसळू शकत असेल, तर एकमत होईलच अशी खात्री देणारा डिटरमिनिस्टिक (नाणेफेकीसारख्या योगायोगावर न चालणारा) अल्गोरिदम असूच शकत नाही, हे फिशर, लिंच आणि पॅटरसन यांनी १९८५ सालीच सिद्ध करून ठेवलंय. गप्प बसलेला नोड मेलाय की नुसताच रेंगाळलाय, हे बाहेरून कळतच नाही. म्हणून तर सगळी भिस्त टाइमआउटवर! आणि नेमका तोच आकडा गाळायचा? राफ्ट ही अशीच एकमताची पद्धत; त्या राफ्टवाल्यांनी २०१४च्या पेपरात १५० ते ३०० मिलिसेकंद असं सरळ लिहिलं. त्यांचं काही बिघडलं का?

माझ्या मानगुटीवर हे भूत बसवलं माझा पेपर तपासणाऱ्या रिव्ह्यूअरने. ‘या पद्धतीशी तुलना करा, तिचे सगळे पॅरामीटर नमूद करा.’ पेपर म्हणतो, विनंती केल्यास कोड मिळेल. केली विनंती. पहिला लेखक पीएचडी घेऊन पसार, मेल तसाच परत. त्याच्या गाईडकडून चकार शब्द नाही. कुठूनशी रिपॉझिटरी सापडली, तर स्क्रिप्टमध्ये त्यांच्या लॅबमधल्या मशीनचे आयपी पत्ते ठोकून बसवलेले आणि कॉन्फिग फाइलमध्ये टाइमआउटपुढे काय, तर ‘टूडू’, म्हणजे ‘नंतर करू’. धन्य!

मग बसा चाचपडत. टाइमआउट कमी केला, की लीडरवर, म्हणजे बाकीच्यांना चालवणाऱ्या नोडवर, गार्बेज कलेक्शन (मेमरीची साफसफाई) सुरू होऊन तो जरा थांबला तरी बाकीचे त्याला मेलेला ठरवून निवडणूक लावतात. नवा लीडर येतो, तोही अडखळतो, पुन्हा निवडणूक. लॉगभर नुसती मतदानं, काम शून्य. बरं, नेमकं काय होतंय बघायला डीबग लॉगिंग चालू करावं, तर वेळेचं सगळं गणितच बदलतं आणि निवडणुका गायब! टाइमआउट वाढवला, तर थ्रूपुट (सेकंदाला किती काम उरकतं ते) झकास, पण लीडर मारला की ग्राफ आडवा पडतो तो उठतच नाही. मग लीडर मेल्यावरही जेमतेम दचकणारी त्यांच्या पेपरातली ती गुळगुळीत रेघ आली कुठून?

यावर आमचे गाईड शांतपणे सांगतात, ‘दोन-चार व्हॅल्यू लावून बघ ना.’ लावून बघ! क्लस्टरच्या रांगेत माझा जॉब कधीपासून ताटकळतोय. आणि लावून तरी काय उपयोग? त्यांची पद्धत हळू निघाली, तर म्हणणार तुम्ही नीट ट्यून केली नाही. वेगवान निघाली, तर विचारणार मग तुमच्या कामात नवीन ते काय? आणि ही सगळी तुलना बसवायची कुठे, तर त्याच पानमर्यादेत, जी आधीच ओसंडून वाहतेय.