पोरं घेऊन गडावर कशाला येता?

आत्ता घरी पोचलोय. पोरं गाडीतच झोपली, तशीच उचलून गादीवर टाकली, कुणाचे पायसुद्धा धुतले नाहीत. मी पार दमलेय, तरी लिहायला बसलेय, कारण दुपारी ऐकलेलं एक वाक्य डोक्यातून जात नाहीये.

सिंहगडावर पिठलं-भाकरी खायला बसलो होतो. दादा-वहिनी, आम्ही दोघं आणि पाच पोरं. सगळ्यांत मोठी सई आठ वर्षांची, धाकटा आमचा, त्याला अजून दोन पूर्ण व्हायचीत. त्याच्या हातून ताकाचा पेला कलंडला आणि ताक शेजारच्या गृहस्थांनी काढून ठेवलेल्या बुटांपर्यंत गेलं. मी लगेच सॉरी म्हणाले. वहिनीनं तर स्वतःच्या रुमालानं त्यांचा बूट पुसायला घेतला. त्यावर हे म्हणतात, "एवढी लहान पोरं सांभाळता येत नाहीत तर गडावर आणता कशाला? आम्ही आठवडाभर राबून जरा शांततेसाठी येतो."

आणि आम्ही आठवडाभर काय करतो? रविवारच्या सिंहगडावर शांतता मागायचा तुम्हाला हक्क आहे आणि माझ्या मुलाला तिथे बसून भाकरी खायचा नाही, हे ठरवलं कुणी?

त्या भाकरीपर्यंत पोचायला काय काय करावं लागलं ते ज्यांनी लहान मुलं घेऊन प्रवास केलाय त्यांनाच कळेल. पहाटे उठून दशम्या केल्या. पाच जणांचे जादा कपडे, टोप्या, ओवा, लिंबू, ओकारीसाठी पिशव्या. डोणज्यापर्यंत सगळं ठीक होतं. पुढे घाटात गाड्यांची ही रांग! वरचं पार्किंग भरलं की गाड्या सोडत नाहीत, वरच्या खाली आल्या की थोड्या थोड्या सोडतात. तिसऱ्या का चौथ्या वळणावर नणंदेचा वेद ओकला. त्याला पुसतोय तोवर धाकट्याला शी. एका बाजूला दरी, दुसऱ्या बाजूला हॉर्न वाजवणारे, आणि मी कठड्याजवळ उकिडवी बसून बाटलीतल्या पाण्यानं त्याला धुतेय. तो डायपर दुहेरी पिशवीत बांधून सॅकमध्ये ठेवला, दिवसभर पाठीवर वागवला आणि घरी आणून कचऱ्यात टाकला. कल्याण दरवाजाच्या वाटेवर वेफर्सची पाकिटं आणि पाण्याच्या बाटल्या पडल्या होत्या, त्या काही दोन वर्षांच्या मुलांनी टाकलेल्या नाहीत.

हो, आमची पोरं आवाज करतात. पाच असली की जास्तच करतात. मान्य.

पण मग करायचं काय? "लहान मुलांसाठी बागा आहेत की," असं सांगणारे बरेच भेटतात. अहो, जातो ना आम्ही. पेशवे पार्कातली फुलराणी, ती पोरांची छोटी आगगाडी, 1956 पासून धावतेय. माझी आई तिच्यात बसली, मी बसले, आता ही पोरं बसतात. कात्रजला प्राणी बघायला जातो, सारसबागेत जातो. पण लहान मुलांसाठी म्हणून कुंपण घालून दिलेल्या चार जागा सोडल्या तर बाकी सगळं पुणं, सगळे गड मोठ्या माणसांचेच, असं कसं चालेल? गड बघायचं वय कुठलं? अठरा पूर्ण झाल्यावर, हातात कॅमेरा आला की?

आज तानाजींच्या समाधीपाशी काय झालं ते सांगते. सईला मराठी आता झरझर वाचता येतं. तिनं तिथलं सगळं मोठ्यानं वाचून दाखवलं. मग मी गोष्ट सांगितली. 4 फेब्रुवारी 1670 ची रात्र, अंधारात कडा चढून आलेले मावळे, उदयभानाशी झालेली लढाई, तानाजी पडल्यावर मागे फिरणाऱ्यांना सूर्याजींनी दोर कापल्याचं सांगितलं ते. पाचही जण गप्प. मग आमची ईरा म्हणाली, "दोर कापले तर मग ते सगळे घरी कसे गेले?" आणि तो सकाळी ओकून ओकून पांढरा पडलेला वेद, सहा वर्षांचा, मला विचारतो, "मामी, मग रायबाचं लग्न राहिलंच का?" मला एकदम बोलता येईना. त्याला तो रायबा स्वतःएवढा मुलगा वाटला होता, ज्याचे बाबा परत आले नाहीत. महाराजांनी स्वतः लावून दिलं रे, असं सांगतात, असं मी म्हणाले, तेव्हा कुठे तो हलला तिथून. धाकट्याला यातलं काही आठवणार नाही, ठाऊक आहे. वेदला आठवेल.

म्हणून त्या ताकाच्या पेल्याचा एवढा राग येतोय. आणि खरं सांगू का, राग फक्त त्या गृहस्थांचा नाही. ते बोलले कुणाकडे बघून? माझ्याकडे आणि वहिनीकडे. धाकट्याचा बाप त्याच्या शेजारी मांडीला मांडी लावून बसला होता. दादा समोर ठेचा कालवत होता. त्या दोघांना कुणी विचारलं नाही पोरं सांभाळता येतात का, आणि त्या दोघांनीही तोंड उघडलं नाही. वर नवरा मला म्हणतो, "जाऊ दे गं, कशाला लागतेस नादी." दशम्या मी करायच्या, ओकारी वहिनीनं पुसायची, शी मी धुवायची, बोलणी दोघींनी खायची आणि संध्याकाळी यांनी सगळ्यांना विचारायचं, "काय, आली ना मजा?" धाकट्याला कल्याण दरवाजापासून वरपर्यंत त्यानं खांद्यावर आणलं, हे खरं आहे. ते मी नाकारत नाही. पण त्या वेळी एक वाक्य बोलायला काय झालं होतं?

बोलल्या त्या भाकरीवाल्या मावशी. परातीतली भाकरी थापता थापता तिथूनच म्हणाल्या, "असू द्या ताई, लेकरूच हाय. मोठ्यांच्या हातनंबी सांडतंय की." उठल्या, फडकं मारलं, चुलीवरच्या गरम भाकरीचा पापुद्रा काढून त्यावर लोण्याचा गोळा ठेवला आणि धाकट्याच्या हातात दिला. दोन मिनिटांत तो गप्प. पायथ्याच्या गावातून रोज सगळं सामान घेऊन वर यायचं, दिवसभर चुलीपुढं धूर खात बसायचं, आणि तरी त्यांच्याकडे माझ्या लेकरासाठी जागा होती. शांतता हवी असलेल्या माणसाला सतरंजी वीतभर मागे ओढून घेता आली नाही.

खाली येताना खडकवासल्याच्या चौपाटीवर पुन्हा गर्दीत अडकलो. पोरं कणसं खात होती, तेवढ्यात मी आणि वहिनीनं जे बोलायचं ते सगळं बोलून घेतलं. दादानं आधी वाद घातला, मग ऐकून घेतलं. नवरा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मी बोलायला पाहिजे होतं." ठीक आहे. एवढं तरी म्हणाला.

आता पुढचा बेत मल्हारगड. सासवडच्या बाजूला, सोनोरी गावाजवळ. पानसे सरदारांनी बांधलेला, मराठ्यांनी बांधलेल्या किल्ल्यांतला शेवटचा. लहानसा आहे, चढ पोरांना झेपण्यासारखा आहे. खाणंपिणं सगळं घरून न्यायचं. डबे आणि ओकारीच्या पिशव्या या वेळी दादा आणि नवरा भरणार, हे चौपाटीवरच ठरलंय. ज्यांची मुलं लहान आहेत आणि ज्यांना असलं काही ऐकून घ्यावं लागलंय, त्या सगळ्यांनी मला मेसेज करा. पंधरा-वीस पोरं झाली तरी चालतील.