जर्मनीचा ‘पीआर’ म्हणजे युरोपभर राहण्याचा परवाना नव्हे

जर्मनीतल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप समूहांत एक संदेश पुन्हा पुन्हा फिरतो आहे. त्याचा आशय असा: ‘जर्मनीचा पीआर (कायमच्या वास्तव्याचा परवाना) मिळाला की युरोपातल्या कोणत्याही देशात राहता येते आणि नोकरी करता येते, वेगळा अर्ज लागत नाही, कुटुंब आपोआप सोबत येते आणि हा हक्क कधीही जात नाही.’ यात सत्याचा अंश आहे, म्हणूनच तो अधिक घातक आहे. त्यावर विसंबून चालती नोकरी आणि राहते घर सोडायला निघालेली माणसे मी पाहिली आहेत.

पहिली चूक ‘पीआर’ या शब्दातच आहे. जर्मन कायद्यात कायमच्या वास्तव्याचे दोन निरनिराळे परवाने आहेत. ‘नीडरलासुंग्सएर्लाउब्निस’ हा केवळ जर्मनीपुरता परवाना असून ब्लू कार्डधारकांना (उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांना मिळणारा परवाना असलेल्यांना) तो २७ महिन्यांत, आणि जर्मन भाषा बी-१ म्हणजे मध्यम पातळीपर्यंत येत असेल तर २१ महिन्यांतच मिळू शकतो. साहजिकच आपल्यातले अनेक जण तोच घेतात. दुसरा ‘डाउअरआउफेंटहाल्ट-ईयू’. तो युरोपीय संघाच्या २००३ सालच्या निर्देशावर, म्हणजे सदस्य देशांना बांधून ठेवणाऱ्या सामायिक नियमांवर, आधारलेला आहे आणि साधारणपणे पाच वर्षांच्या सलग, कायदेशीर वास्तव्यानंतर मिळतो. दुसऱ्या देशात बिऱ्हाड हलवण्याचा जो हक्क संदेशात सांगितला आहे, तो या दुसऱ्या परवान्यालाच जोडलेला आहे.

पुण्याहून आलेले एक दांपत्य ॲमस्टरडॅममधल्या घराचा करार करण्यापूर्वी माझ्याकडे आले होते. दोघांची कार्डे टेबलावर शेजारी शेजारी ठेवली, तेव्हा रंगारूपाने अगदी सारख्या असलेल्या त्या कार्डांवर परवान्याचा प्रकार सांगणारी ओळ मात्र वेगळी निघाली. डाउअरआउफेंटहाल्ट-ईयू पत्नीकडे होता आणि नोकरी लागली होती पतीला, ज्याच्याकडे नीडरलासुंग्सएर्लाउब्निस होता. त्या परवान्यावर कायमचे जर्मनीबाहेर गेले की तो आपोआप संपतो. म्हणजे तिकडचा हक्क नाहीच, आणि इकडचाही गेला असता. सुदैवाने हे दोन्ही परवाने एकाच वेळी जवळ बाळगता येतात. पतीची पाच वर्षे पूर्ण झालेली होती, त्यामुळे त्यांनी घराचा करार थांबवला आणि आधी दुसऱ्या परवान्यासाठी अर्ज केला.

अर्ज लागत नाही, हा दावाही खोटा आहे. शेंगेन प्रदेशात, म्हणजे आपसातल्या सीमांवर तपासणी नसलेल्या युरोपीय देशांत, १८० दिवसांत ९० दिवस फिरण्याची मुभा ही भेटीपुरती असते. त्याहून अधिक राहायचे असेल तर नव्या देशात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत तिथल्या परवान्यासाठी अर्ज करावा लागतो, आणि स्थिर उत्पन्न व आरोग्यविमा दाखवावा लागतो. काही ठिकाणी राहण्याच्या जागेचा पुरावाही मागतात. निर्णयासाठी चार महिन्यांची मुदत असून ती आणखी तीन महिन्यांनी वाढवता येते. शिवाय नोकरीसाठी जाणाऱ्यांना स्थानिक श्रमबाजाराची अट घालण्याची मुभा निर्देशानेच सदस्य देशांना दिली आहे. नेदरलँड्समध्ये पहिले १२ महिने कंपनीला अशा कर्मचाऱ्यासाठी स्वतंत्र कामाचा परवाना काढावा लागतो. मात्र ‘या कार्डाचा काहीच उपयोग नाही’ असे जे उत्तर काही जण देतात, तेही मला मान्य नाही. अटी पूर्ण केल्या तर त्या देशाला मनमानी नकार देता येत नाही, आणि भारतात परतून पहिल्यापासून व्हिसा काढण्याची गरज पडत नाही, हा फायदा मोठा आहे.

‘कोणत्याही देशात’ हे शब्द तर सरळ चुकीचे आहेत. डेन्मार्क आणि आयर्लंड संघाचे सदस्य असूनही या निर्देशाबाहेर आहेत. स्वित्झर्लंड आणि नॉर्वे शेंगेनमध्ये असले तरी त्यांना तो लागू नाही, आणि ब्रिटनचा तर प्रश्नच नाही.

हक्क कधीही जात नाही, असेही नाही. युरोपीय संघाबाहेर सलग १२ महिने राहिल्यास डाउअरआउफेंटहाल्ट-ईयू संपतो. पूर्वी ब्लू कार्ड असलेल्यांना २४ महिन्यांची सवलत आहे. या मुदतीत काही दिवस जरी संघाच्या भूमीवर येऊन गेले तरी दर्जा टिकतो, असा निर्वाळा युरोपीय न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये दिला आहे. जर्मनीबाहेर सहा वर्षे राहिले, किंवा दुसऱ्या देशात हाच दर्जा मिळवला, तरी जर्मनीतला दर्जा जातो. तो मिळण्याआधीची पाच वर्षे मोजताना तर अधिक जपायला हवे, कारण सलग सहा महिने किंवा एकूण दहा महिन्यांपेक्षा जास्त काळ बाहेर राहिल्यास, ब्लू कार्डधारकांची सवलत वगळता, सहसा मोजणी तुटते. पहिल्या बाळंतपणासाठी नाशिकला माहेरी जाऊन बाळासह आठव्या महिन्यात परतणारी मुलगी आपल्याला अगदी स्वाभाविक वाटते, पण तिच्या पाच वर्षांच्या हिशेबाला त्यामुळे धक्का बसू शकतो. हे तिला तिकीट काढण्याआधी कोणीतरी सांगायला हवे.

राहिला कुटुंबाचा मुद्दा. पहिल्या देशात सोबत राहणारा जोडीदार आणि अज्ञान मुले यांना बरोबर नेण्याचा हक्क आहे, परंतु त्यांचेही अर्ज स्वतंत्रपणे करावे लागतात. आई-वडिलांना असा हक्क निर्देशाने दिलेला नाही. त्यांना येऊ द्यायचे की नाही, हे तो देश ठरवतो.