सत्तरीपुढचे विमाकवच आणि घरातली शुश्रूषा : एका दाव्याचा प्रतिवाद

ज्येष्ठांच्या आरोग्याविषयीचा एक दावा सध्या मोठ्या प्रमाणावर पुढे पाठवला जात आहे. त्याचा आशय असा : सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला आता पाच लाखांपर्यंतचे उपचार मोफत मिळतात, म्हणजेच म्हातारपणातील आजारांचा भार सरकारने उचलला आहे, उरलेली सेवा हे मुलांचे कर्तव्य असून ते टाळणाऱ्यांसाठी कायदा आहे, नोकरदारांना त्यासाठी तीस दिवसांची रजाही मिळाली आहे, तेव्हा घरी शुश्रूषा करणाऱ्यांना भत्ता मागणे हे पाश्चात्त्य खूळ होय. यातील जवळजवळ प्रत्येक विधानात खऱ्याचा एक अंश आहे, आणि म्हणूनच हा दावा सहज पटतो.

‘प्रत्येकाला पाच लाख’ या विधानापासून सुरुवात करू. २९ ऑक्टोबर २०२४ रोजी आयुष्मान भारत योजना उत्पन्नाची अट न घालता सत्तर वर्षे व त्यापुढील सर्वांना खुली झाली. हा निर्णय चांगलाच आहे. हृदयशस्त्रक्रियेसाठी ज्यांना दागिने गहाण टाकावे लागत, त्यांना त्याचे मोल सांगायला नको. मात्र ही रक्कम माणशी नसून कुटुंबामागे वर्षाला आहे. घरात सत्तरीपुढचे नवरा-बायको असतील, तर पाच लाख दोघांत मिळून.

यापेक्षा गंभीर चूक ‘आजारांचा भार सरकारने उचलला’ या विधानात आहे. ही योजना रुग्णालयात दाखल होण्यासाठी आहे. दाखल होण्यापूर्वीचे तीन दिवस आणि घरी सोडल्यानंतरचे पंधरा दिवस एवढाच आगेमागेचा खर्च तिच्यात धरला जातो; बाह्यरुग्ण विभागातील तपासण्या आणि रोजच्या गोळ्या तिच्यात नाहीत. पक्षाघात झालेल्या माणसाला दहा-बारा दिवसांत घरी सोडतात, आणि त्याचे खरे आजारपण तिथून सुरू होते. दर दोन तासांनी त्याची कूस बदलावी लागते. नाहीतर माकडहाडावर आणि टाचांवर जखमा होतात आणि त्या भरून येता येत नाहीत. नाकातल्या नळीतून अन्न देताना डोक्याकडची बाजू उंच ठेवावी लागते व नंतर अर्धा तास तरी रुग्णाला तसेच ठेवावे लागते, कारण अन्न श्वासनलिकेत गेले तर न्यूमोनियाने जीव जाऊ शकतो. लघवीच्या नळीची पिशवी नेहमी कमरेच्या खाली राहील हे पाहावे लागते. शिक्षण घेतलेली परिचारिका पाळीपाळीने जे करते, ते घरातली एक बाई दिवसरात्र करते. तेही डिस्चार्जच्या गडबडीत कोणीतरी घाईघाईने दाखवलेल्या माहितीच्या बळावर. डायपर, एअर मॅट्रेस, फिजिओथेरपिस्टची फी, ब्युरोकडून येणाऱ्या मावशींचा पगार, यांतले काहीही विम्यात बसत नाही. हे एक-दोन महिन्यांत आटोपत नाही. कितीतरी घरांत ते वर्षानुवर्षे चालते.

‘घरातली एक बाई’ हे शब्द मी जाणूनबुजून वापरले आहेत. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार १५ ते ५९ या वयोगटातील ४१ टक्के स्त्रिया घरातल्या माणसांची देखभाल करतात. पुरुषांमध्ये हे प्रमाण २१.४ टक्के आहे. देखभाल करणाऱ्या स्त्रीचे त्यात दिवसाला सरासरी १४० मिनिटे जातात, पुरुषाची ७४. मुलांचे संगोपनही या आकड्यांत आहे, त्यामुळे ते निव्वळ वृद्धसेवेचे नाहीत. पण हे काम कोणाच्या वाट्याला येते, याविषयी ते पुरेसे बोलके आहेत.

आता कायद्याकडे वळू. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह व कल्याणासाठी २००७ मध्ये केलेला कायदा उपेक्षित पालकांना न्यायाधिकरणाकडे दाद मागू देतो आणि महिन्याला दहा हजार रुपयांपर्यंत निर्वाहखर्च मिळवून देऊ शकतो. तो आवश्यक आहे. परंतु जो सांभाळत नाही त्याला तो धरतो. जी सांभाळते आहे तिला तो काहीही देत नाही. त्यातील ‘मुले’ या व्याख्येत मुलगा, मुलगी, नातू आणि नात येतात. जिच्या हातून प्रत्यक्षात बहुतेक उठबस होते, त्या सुनेचा तिथे उल्लेखही नाही.

रजेचा मुद्दा थोडक्यात संपतो. जुलै २०२५ मध्ये राज्यसभेत दिलेल्या उत्तरात केंद्र सरकारने नवी रजा जाहीर केलेली नव्हती. केंद्रीय कर्मचाऱ्यांना मुळातच मिळणारी वर्षाची तीस दिवसांची अर्जित रजा आई-वडिलांच्या देखभालीसह कोणत्याही वैयक्तिक कारणासाठी वापरता येते, एवढेच त्यात म्हटले होते. खासगी नोकरी, शेती किंवा रोजंदारी करणाऱ्यांशी त्या उत्तराचा संबंधच नाही.

राहिला ‘पाश्चात्त्य खूळ’ हा आक्षेप. तिकडे मुले सांभाळत नाहीत म्हणून सरकार पैसे देते, अशी समजूत त्यामागे आहे. वस्तुस्थिती उलट आहे. ब्रिटनमध्ये १९७६ पासून मिळणारा भत्ता हा नोकरी करता न येण्याइतका वेळ दुसऱ्याच्या शुश्रूषेत घालवणाऱ्यांसाठी आहे. आज त्यासाठी आठवड्याला किमान ३५ तासांची अट आहे. सुरुवातीला तो विवाहित स्त्रियांना नाकारला गेला होता, कारण त्या तशाही घरीच असणार असे गृहीत धरले होते. आईला सांभाळणाऱ्या जॅकलिन ड्रेक यांनी याविरुद्ध युरोपीय न्यायालयापर्यंत लढा दिला आणि १९८६ मध्ये ती अट गेली. आपल्याकडच्या घरांमध्ये तेच गृहीतक आजही निर्धास्तपणे वावरते आहे.

शिवाय ही कल्पना परकी राहिलेलीही नाही. दिव्यांगांच्या हक्कांविषयीच्या २०१६ च्या कायद्यातील कलम २४ मध्ये, अधिक आधाराची गरज असलेल्या दिव्यांगांसाठी देखभालकर्ता भत्त्याची तरतूद भारतीय संसदेनेच केली आहे, अर्थात ‘आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत’. केरळमध्ये २०१० पासून चालू असलेल्या ‘आश्वासकिरणम’ योजनेत अंथरुणाला खिळलेल्यांची शुश्रूषा करणाऱ्यांना महिन्याला ६०० रुपये ठरलेले आहेत. रक्कम तुटपुंजी आहे आणि ती रखडल्याच्या तक्रारीही होत आल्या आहेत. तरीही शुश्रूषा करणाऱ्या व्यक्तीची सरकारदरबारी नोंद होते, हा मोठा फरक आहे. महाराष्ट्रात श्रावणबाळ योजनेचे दरमहा १,५०० रुपये किंवा वयोश्री योजनेचे एकदाच मिळणारे ३,००० रुपये हे ज्येष्ठाच्या नावे असतात, आणि त्यांना उत्पन्नाच्या अटी आहेत. सांभाळणाऱ्या माणसासाठी असा स्वतंत्र रकाना त्यांत नाही.

‘एवढा पैसा आणायचा कुठून’ हा प्रश्न रास्त आहे, पण सगळेच पैशावर अडलेले नाही. केरळमध्ये पंचायतींच्या मदतीने परिचारिका अंथरुणावरील रुग्णांच्या घरी जातात. आयुष्मान आरोग्य मंदिरांसाठी, म्हणजे सरकारी उपकेंद्रे व प्राथमिक आरोग्य केंद्रांसाठी, ठरवलेल्या बारा सेवांमध्ये वृद्धसेवा आणि वेदनाशामक सेवा आपल्याकडेही लिहिलेल्या आहेत. त्यांच्याच आधारे डिस्चार्जपूर्वी घरच्या माणसाला दोन दिवस रीतसर शिकवता येईल, उपकेंद्रातून दर पंधरवड्याला घरी भेट देता येईल आणि वर्षातून काही दिवस रुग्णाला जिल्हा रुग्णालयात ठेवून घेऊन सांभाळणारीला सुटका देता येईल. पाच लाखांच्या कार्डाबरोबर एवढे मागणे अवाजवी नाही.