आप मेला, जग बुडालं?

घरच्या ग्रुपवर चुलतभावाने परत तो व्हिडिओ टाकलाय. जग बुडणार, तारीख ठरली म्हणे. 2012 साली 21 डिसेंबरही अशीच ठरली होती. त्या दिवशी आमच्या गल्लीत टँकर येणार का, हा प्रश्न जास्त मोठा होता.

प्रलयाचा बारीक विचार वाचायचा तर लांब कशाला जायचं? समर्थ रामदास जालना जिल्ह्यातल्या जांबचे. दासबोधात पृथ्वीचा संहार सुरू होतो तो शंभर वर्षांच्या अवर्षणानं. आग, पूर सगळं नंतर. (हा क्रम पुराणातलाच आहे, ठाऊक आहे. तरी मराठवाड्याच्या माणसानं तो उचलावा याची गंमत वाटतेच.) प्रलयही एक नाही, पाच. ब्रह्मदेवाची झोप आणि त्याचं मरण, हे ब्रह्मांडाचे दोन. पाचवा विवेकाचा, म्हणजे ज्ञानानं जगाचा भासच मावळणं. आणि पिंडाचे दोन म्हणजे आपली झोप आणि आपलं मरण.

झोप म्हणजे प्रलय, हे नुसतं वाचलं असतं तर हसलो असतो. पण 1993 ला मी पाचवीत होतो. 29 सप्टेंबरला लोक गणपती बोळवून दमून झोपले आणि 30 च्या पहाटे, चार वाजायच्या आत, किल्लारी भागात भूकंपानं दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदं अंगावर आली. पिंडाचे दोन्ही प्रलय एकमेकांना चिकटून आले. लातुरात आमच्या फडताळातली भांडी पडली तेवढीच. सकाळी चहासुद्धा झाला. त्या चहाची मला अजून लाज वाटते.

जर्मन तत्त्वज्ञ कांटनं 1794 च्या एका निबंधात विचारलंय, माणसं जगाच्या अंताची वाट बघतातच का? त्याचं म्हणणं साधारण असं की, शेवटच नसलेलं नाटक आपल्याला निरर्थक वाटतं. पटतं. पण नाटकाचा पडदा सगळ्यांसाठी एकदम पडतो, खरा प्रलय गाव बघून येतो. तारखेचा प्रलय लोकांना आवडतो तो म्हणूनच. त्यात सावकारही बुडतो.

'आप मेला, जग बुडालं' हीसुद्धा एक फिलॉसॉफीच: बघणारा गेला की बघायचं काही उरत नाही. आमचे चुलते गेले. सातबाऱ्यावरचा बोजा बुडाला नाही, काकू अजून फेडतेय.

व्हिडिओ टाकणारा त्यांचाच मुलगा. खाली त्यानं लिहिलंय, 'होऊ द्या एकदाचं.'